आधी ऐकायचे, मग खोलायचे: आमची वाटचाल

मोटारींतले गाण्याचे सेट बसवण्या-दुरुस्त करण्याच्या आमच्या दुकानात जुनी मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू कामाला आली की पहिला अर्धा तास कोणीही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेत नाही. गाडी सावलीत लावायची, इंजिन आणि काचा बंद करायच्या आणि तिच्यात जो सेट असेल तो, चिरकत असला तरी, मालकाने आणलेल्याच गाण्यावर शांतपणे ऐकायचा. नव्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मलाही कोणी वीस वर्षांपूर्वी असे सांगितले असते तर वाटला असता. ही पद्धत आम्ही कुठे वाचून घेतलेली नाही. ती दोन-तीन गिऱ्हाइकांच्या नाराजीतून आणि एका बॅटरीच्या भुर्दंडातून आलेली आहे.

दुकान मूळचे वडिलांचे, सांगलीच्या एसटी स्टँडजवळचे. डायनामो भरणे, सेल्फचे आर्मेचर गुंडाळणे आणि ट्रकचे वायरिंग ओढणे ही त्यांची कामे होती. टेप बसवण्याचे काम आमच्याकडे आले ते मोटारींमुळे नव्हे, तर ट्रॅक्टरमुळे. गळीत हंगाम सुरू झाला की ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना रात्री जागे राहण्यासाठी गाणी हवी असत, आणि इंजिनाच्या आवाजावर मात करून ती मागच्या दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत ऐकू गेली पाहिजेत एवढीच त्यांची अट असे. मडगार्डवर लाकडी खोकी, त्यांत मोठे स्पीकर, डोक्यावर भोंगा, असे ते काम होते. त्यात नाजूकपणाला जागा नव्हती, पण जाड वायर, घट्ट अर्थिंग आणि बॅटरीजवळचा फ्यूज यांचे महत्त्व मी तिथेच शिकलो. पुढे मारुती ८०० आणि अॅम्बॅसेडर आल्या. त्यांत जुना सेट उपसून नवा बसवला की काम झाले, आणि त्या सवयीनेच आम्हाला पुढे अडचणीत आणले.

मर्सिडीजने १९९५ मध्ये पिंपरी येथे, टाटांच्या तेव्हाच्या टेल्को कंपनीच्या आवारात, डब्ल्यू १२४ ही ई-क्लास जोडायला सुरुवात केली. त्यांतली एक गाडी काही वर्षांनी मिरजेच्या एका डॉक्टरांनी वापरलेली घेतली आणि बॅटरी बदलण्यासाठी आमच्याकडे आणली. बॅटरी बदलली, गाडी सुरू झाली, आणि रेडिओच्या खिडकीत ‘कोड’ हा शब्द उमटला. बेकर कंपनीचा तो रेडिओ वीज तुटली की चोरीला गेला असे समजून स्वतःला कुलूप लावून घेत असे, हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि कोडचे कार्ड पहिल्या मालकाकडेच राहिले होते. मी डॉक्टरांना सुचवले की एवीतेवी रेडिओ जुनाच आहे, तर नवा बसवू. त्यांनी मान डोलावली. निळ्या दिव्यांचा, चेहरा निघणारा, झगझगीत सेट मी दोन तासांत बसवून दिला आणि खूश झालो.

चौथ्या दिवशी डॉक्टर परत आले. रागावलेले नव्हते, पण त्यांनी गाडीत बसवून ख्यालाची एक कॅसेट लावली आणि विचारले, “यात तंबोरा कुठे गेला, सांगाल का?”

मिरजेच्या माणसाने हा प्रश्न विचारणे स्वाभाविक होते. सतार आणि तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या ज्या गावात नांदल्या, किराणा घराण्याचे गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, तिथल्या कानांना जवारीचे, म्हणजे तंबोऱ्याची तार घोडीला हलकेच लागून उठणारे, गुंजन ऐकू न येणे म्हणजे जेवणात मीठ नसणे. नव्या सेटमध्ये खालचा आणि वरचा सूर भरपूर फुगवलेला होता, मधला भाग खचलेला होता, आणि तंबोऱ्याचे बरेचसे अस्तित्व त्या मधल्या भागातच असते. दुसरी तक्रार अधिक लाजिरवाणी होती. त्या काळी सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला लागे, आणि नवा सेट १२५० वर थांबे किंवा थेट १२६० वर उडी मारी. सेट अमेरिकेच्या मोजमापावर लावलेला होता. तिकडे मध्यम लहरींची केंद्रे दहा-दहाच्या अंतरावर असतात, आपल्याकडे नऊ-नऊच्या. ५३१ पासून नऊ-नऊने चढत गेलात तर बरोबर १२५१ येते. दहाच्या पावलांनी ते कधीच येत नाही. हे बदलण्याचे बारीक बटण सेटच्या बुडाला होते आणि मी ते पाहिलेच नव्हते.

मग तो सेट काढला. बेकरवरचा अनुक्रमांक अधिकृत विक्रेत्याकडे कळवून कोड मिळवला. जुना रेडिओ परत जागेवर बसवून मागच्या फळीवरचे स्पीकर उतरवले, तेव्हा खरा दोष हातात आला, अगदी शब्दशः, कारण स्पीकरच्या कागदाभोवतीची फोमची कडा बोट लावताच काळ्या चिकट भुग्यासारखी गळून पडली. हा फोम दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत कुजतोच. कोन म्हणजे तो कागदी शंकू, त्याला हलवणारी तारेची कॉइल, चुंबक हे सगळे ठणठणीत होते. नवी कडा मागवली, जुन्या गोंदाचा थर स्पिरिटने खरवडून काढला, कॉइल मधोमध राहावी म्हणून फटीत कागदी पट्ट्या खोचल्या आणि कडा चिकटवून एक रात्र वजनाखाली ठेवली. सकाळी पट्ट्या काढून कोन दोन्ही अंगठ्यांनी हळूच दाबून पाहिला. कॉइल घासत असेल तर वाळूसारखी खरखर बोटांना आधी जाणवते आणि कानांना नंतर ऐकू येते. ती नव्हती. डॉक्टरांनी कॅसेट लावली आणि दहा मिनिटे बोललेच नाहीत. त्या कामाचे बिल नव्या सेटच्या निम्मेही झाले नाही, पण पुढच्या दोन वर्षांत मिरजेहून आलेल्या बहुतेक गाड्या त्यांच्याच शब्दावर आल्या.

२००५ च्या पुरात स्टँडजवळचे दुकान पाण्यात गेले. तिथले सामान मोजण्यात अर्थ नव्हता. आम्ही विश्रामबागेच्या वरच्या भागात भाड्याने जागा घेतली आणि तिथेच राहिलो.

याच सुमारास गिऱ्हाइकांचा तोंडवळा बदलला. तासगावकडचे द्राक्ष बागायतदार आणि विट्याकडचे गलाई व्यावसायिक, ज्यांची सोने-चांदी गाळण्याची दुकाने देशभर पसरलेली आहेत, परराज्यांतून वापरलेल्या मोठ्या गाड्या आणून सांगलीच्या एमएच १० वर नोंदवू लागले. या गाड्यांत सेट नावाची वेगळी वस्तूच नव्हती. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये १९९८ पासून आणि बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये २००१ पासून आवाजाची माहिती तांब्याच्या तारेतून न जाता प्लॅस्टिकच्या प्रकाशतंतूतून जाऊ लागली होती. बीएमडब्ल्यूने ज्या पद्धतीने सुरुवात केली तिचे नाव मोस्ट, आणि ती कड्यासारखी असते. मुख्य युनिटमधून निघालेला लाल प्रकाश अॅम्प (आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर), फोन, सीडी चेंजर अशा एकेका उपकरणातून पुढे जात शेवटी मुख्य युनिटकडे परत येतो. कड्यातले एक उपकरण मेले किंवा एक तंतू तुटला, की सगळीच गाडी मुकी होते.

हे मला ज्या गाडीने शिकवले ती एका बागायतदाराची बीएमडब्ल्यू फाइव्ह सिरीज होती. कंपनीचा अॅम्प काढून आपला दणकट अॅम्प बसवायचा, असे ठरले. डिकीतला जुना अॅम्प काढला, त्याचा कप्लर, म्हणजे जोडणीचे टोक, टेप गुंडाळून बाजूला लोंबता ठेवला आणि चावी फिरवली, तर रेडिओ नाही, फोन नाही, आणि पट्टा न लावल्याची सूचना देणारी घंटाही नाही, कारण या गाडीत ती घंटासुद्धा गाण्याच्याच स्पीकरमधून वाजते. दोन दिवस आम्ही फ्यूज शोधत होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे गेले असताना डिकीत वाकलेला आमचा मिस्त्री ओरडला, “मालक, हिकडं या, हितं लाल दिसतंय.” त्या लोंबत्या कप्लरच्या तोंडाशी मोहरीएवढा लाल ठिपका लुकलुकत होता. एका तंतूतून प्रकाश येत होता आणि शेजारच्या तंतूत शिरण्याऐवजी डिकीच्या अंधारात सांडत होता. दोन्ही तोंडे जोडणारा एक छोटा वळसा लावला आणि गाडी बोलू लागली. ते बागायतदार सगळे पाहत उभे होते. म्हणाले, “म्हणजे ठिबकची लाइन मधेच तुंबली की फुडची वेल वाळणार, तसंच की ओ हे.” ठिबकचे पाणी परत विहिरीवर येत नाही एवढा फरक सोडला तर याहून चांगले वर्णन मी आजवर ऐकलेले नाही, आणि नव्या मुलांना मी तेच सांगतो. हा तंतू २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायचा नाही आणि त्याचे टोक बोटाने पुसायचे नाही, हेही त्यासोबत सांगतो.

त्याच गाडीने बॅटरीचाही धडा दिला. मळ्यावर चार दिवस उभी राहिल्यावर ती उठेना. मीटर लावून, गाडीला झोपायला, म्हणजे तिची उपकरणे आपोआप बंद व्हायला, अर्धा तास देऊन मोजले, तर ५० मिलिअँपिअरच्या आत असायला हवा तो प्रवाह ०.६ अँपिअर होता. म्हणजे दिवसाला साडेचौदा अँपिअर-तास, आणि चार दिवसांत नव्वद अँपिअर-तासांच्या बॅटरीतले अठ्ठावन्न गेले. अॅम्प चालू करणारी बारीक वायर मी कायम वीज असणाऱ्या फ्यूजवरून घेतली होती, त्यामुळे आमचा अॅम्प रात्रभर जागा राहत होता. चूक सर्वस्वी माझी होती. नवी बॅटरी आमच्या खर्चाने दिली.

वायरचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. एका घाऊक व्यापाऱ्याने आम्हाला शुद्ध तांब्याची म्हणून जी रिळे पाठवली, ती वर तांबे आणि आत अॅल्युमिनियम अशी निघाली. दिसायला फरक शून्य, पण अशा वायरचा विरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. आता प्रत्येक रिळाचे टोक ब्लेडने खरवडून पाहिल्याशिवाय ते मांडणीवर जात नाही. दरवाजाचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटवायच्या शीटबाबतही तसेच आहे. डांबराची स्वस्त शीट सांगलीच्या एप्रिलमध्ये मऊ होऊन खाली सरकते आणि काचेच्या यंत्रणेत अडकते. ब्यूटिल रबराची शीट महाग पडते, पण एकदाच लावावी लागते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. इशाऱ्यानंतरची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, यावरून काय झाले असेल याचा अंदाज यावा. या वेळी दुकान वाचले, पण गाड्या वाचल्या नाहीत. बीएमडब्ल्यूत खालच्या सुराचे स्पीकर पुढच्या सीटखाली असतात, म्हणजे पाणी सर्वांत आधी तिथे शिरते. आम्ही उघडलेल्या पहिल्याच खोबणीत स्पीकरच्या कोनात चहाच्या बशीएवढा गाळ घट्ट बसलेला होता. पुढचे आठ महिने आम्ही नवे काम जवळपास घेतलेच नाही. सगळे कार्पेट बाहेर, एकेक कप्लर उघडून धुणे, वाळवणे, हिरवी पडलेली पिन कापून नवी टोचणे, हेच चालले. प्रकाशतंतूला गंज चढत नाही, पण टोकावरच्या गाळाने प्रकाश मंदावतो आणि आवाज मधूनच जातो. काही अॅम्पचे बदली भाग मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणले. ऑडीच्या गाड्यांत मात्र तो मार्ग पुष्कळदा बंद असतो, कारण दुसऱ्या गाडीतून काढलेले युनिट कंपनीच्या सर्व्हरकडून मान्य करून घेतल्याशिवाय ते मुके राहते. अनेकांना मी सरळ सांगितले की विमा मिळत असेल तर गाडी सोडून द्या. ते त्या वेळी कोणाला आवडले नाही.

आता लॅपटॉपचे काम वालचंद महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माझ्या पुतणीकडे आहे. चालकाच्या कानाजवळ मायक्रोफोन लावून ती प्रत्येक स्पीकरचे अंतर मोजते. उजवीकडचा स्पीकर ८० सेंटिमीटरवर आणि डावीकडचा १३५ वर असेल, तर दोन्हींचा आवाज कानाला एकाच वेळी पोचावा म्हणून जवळच्याला १.६ मिलिसेकंद थांबवावे लागते. तेवढे केले की गायक दरवाजातून उठून डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो. मी हे मोजपट्टी लावून आणि अंदाजाने करत असे. तिचे उत्तर माझ्यापेक्षा अचूक येते, हे मी आता वाद न घालता मान्य करतो. मात्र जुन्या लाकडी डॅशबोर्डला भोक पाडून त्यात मोठा अँड्रॉइड स्क्रीन बसवण्याचे काम आम्ही दोघेही घेत नाही. त्यामुळे महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइके दारातून परत जातात.

डॉक्टरांची डब्ल्यू १२४ अजून आमच्याकडेच येते. पंधरा वर्षांनंतरची पुनर्नोंदणी तिने केव्हाच ओलांडली आहे. या वेळी चिरंजीव ती घेऊन आले होते आणि त्यांना फोनवरची गाणी हवी होती. रिवाजाप्रमाणे अर्धा तास ऐकायला बसलो, तर कॅसेटचा वेग मधूनच ढिला पडत होता. डेक उघडला तेव्हा आतला रबरी पट्टा डांबरासारखा विरघळून चाकांना चिकटलेला दिसला. चाके साफ करून, दोऱ्याने घेर मोजून पट्टा मागवला आहे, तो अजून आलेला नाही. फोनची गाणी नंतर पाहू, असे चिरंजीव म्हणतात. गाडी आत झाकून ठेवली आहे, आणि डॉक्टरांचा रोज सायंकाळी सातला फोन येतो.