आमची वाटचाल : तुळईतून निघालेली खुर्ची

पुण्याच्या पेठांतले वाडे उतरू लागले, तेव्हा त्यांच्या तुळया भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात येत. आमच्या कारखान्याचा पहिला माल तिथलाच. जुने सागवान वाळलेले असते हे खरे, परंतु चिरल्यावर त्यातला ताण सुटून फळी पिळते, म्हणून चिरलेला माल मध्ये पट्ट्या देऊन पंधरवडाभर रचून ठेवावा आणि रंध्याखाली घालण्यापूर्वी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवावे. दडलेल्या एका खिळ्याने आमच्या प्लॅनरची, म्हणजे रंधा मारणाऱ्या यंत्राची, पाती घालवली होती. खिळ्याभोवती सागावर उमटणारा काळा डाग मी घासून काढत नाही. पहिल्या दिवसापासून सोबत असलेले मिस्त्री त्यावर आजही नाराज असतात.

मांडी घालून बसता यावे म्हणून बैठक रुंद आणि जमिनीपासून 14 इंचांवर ठेवलेली आमची वेताची खुर्ची मिस्त्रींच्या कुसवांवर, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभांवर, उभी आहे. कुसू आरपार काढून त्यात पाचर ठोकायची, तीही पायाच्या लाकडातल्या रेषांना आडवी, नाहीतर पाय उभा फाटतो. ही खुर्ची आम्ही एका प्रदर्शनात मांडली आणि चारच महिन्यांत एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे तिची स्क्रूंनी आवळलेली, रबरवुडची (रबराच्या झाडाच्या लाकडाची) नक्कल निम्म्या किमतीत दिसू लागली. वकिलांकडे गेल्यावर समजले की 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केल्यास 10 वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते, मात्र अर्जापूर्वीच लोकांसमोर आलेली वस्तू नवी धरली जात नाही. प्रदर्शनासाठी सवलत आहे, पण तीही डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकांना आधी कळवले आणि 6 महिन्यांत अर्ज केला तरच. आम्ही कळवले नव्हते. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी अर्जाची पावती हाती येईपर्यंत वस्तूचे छायाचित्रसुद्धा कोणाला पाठवू नये.

त्या वर्षी 22 खुर्च्यांची मागणी रद्द झाली आणि बँडसॉ, म्हणजे लाकूड चिरायचे यंत्र, विकून मी कारागिरांचे पगार भागवले. नक्कल करणारे गृहस्थ पुढे एका समारंभात माझ्याच शेजारी बसून अस्सल देशी शैलीविषयी बोलले, हे मी अजून विसरलेलो नाही. कोथरूडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी मात्र त्याच महिन्यात सहा खुर्च्यांचे सगळे पैसे आगाऊ दिले, पावतीही मागितली नाही.

नंतरची वर्षे बरी गेली. मागच्या महिन्यात बाईंच्या सहांपैकी एक खुर्ची वेत बदलण्यासाठी आली, तेव्हा मिस्त्रींनी ती पालथी घालून चारही पाय हलवून पाहिले, डागावरून नेहमीप्रमाणे कुरकुर केली आणि पोराला नवा वेत भिजत घालायला सांगून ते चहाला गेले.