उन्हात वाळवायचे कुठे?

"ताई, बाहेर दोरीवर घातलं तर सगळ्यांना दिसेल ना!" आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची दहावीतली लेक आज अगदी खालच्या आवाजात म्हणाली.

त्यांच्या मोरीच्या कोपऱ्यात, जुन्या परकराखाली झाकलेली, दोन दिवसांनंतरही ओलसर असलेली, मासिक पाळीत वापरायच्या सुती कापडाची घडी मला दिसली होती. तिला कुबट वास येत होता आणि मांडीला खाज सुटते म्हणून ती मुलगी पावडर लावत होती.

कापड वापरण्यात काहीच गैर नाही, पण ते साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात खडखडीत वाळवायला हवे, आणि कापड असो वा पॅड, स्राव कमी असला तरी ४ ते ६ तासांनी बदलायलाच हवे, हे मी तिला समजावून सांगितले. तिला ते पटलेही.

२०१८ च्या जुलैत सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द झाला, हे फार चांगले झाले. परंतु चाळीच्या सामाईक दोरीवर रुमालाएवढे कापड वाळत घालण्याचा संकोच त्याने कसा जाणार?

आमच्या गच्चीची किल्ली मी तिला दिली आहे. तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुली कुठे वाळवत असतील?