भुजच्या गल्ल्यांत टीपी स्कीम करताना

"रजाचिठ्ठी क्यारे मळशे, बेन?" 2001 च्या उन्हाळ्यात भुजच्या कोटाच्या आत पाऊल टाकलं की हाच प्रश्न कानावर यायचा. रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी; ती कधी मिळणार, असं लोक विचारत. 26 जानेवारीला सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी धरणीकंप झाला, शहराचा जुना भाग ढिगारा झाला, आणि त्यानंतर तिथे नवीन बांधकामाला बंदी आली. आराखडा तयार होईपर्यंत एकही वीट रचायची नाही. मुंबईहून, आफ्रिकेहून, आखाती देशांतून नातेवाईक पैसे घेऊन आले होते, गवंडी तयार होते आणि परवानगी नव्हती. लोकांची चीड मला पूर्णपणे पटत होती. पण घाईने जुन्याच रेषांवर घरं उभी राहिली असती तर त्याच बोळांत पुढच्या भूकंपात पुन्हा माणसं अडकली असती, हेही तितकंच खरं होतं. या दोन गोष्टींमधला काळ जितका कमी करता येईल तितका करायचा, हे आमचं काम होतं.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली, औशाजवळची. नियोजनाचं शिक्षण अहमदाबादला घेतलं आणि शिक्षण संपताच भुजच्या पुनर्रचनेच्या कामात शिरले. आमच्या चमूत बहुतेक सगळे पंचविशीच्या आसपासचे होते: वास्तुरचनाकार, नियोजनकार, सिव्हिल डिप्लोमा केलेले सर्व्हेअर, ऑटोकॅडवर रात्र रात्र बसणारे ड्राफ्ट्समन आणि घरोघरी जाऊन माहिती घेणारे समाजकार्याचे विद्यार्थी. वरिष्ठ मंडळी अहमदाबाद, गांधीनगर आणि भुज अशा फेऱ्या मारत. गल्लीत उभं राहून लोकांना उत्तरं देणारे आम्हीच.

भुज दुसरीकडे हलवायचं का, यावर सुरुवातीला बरीच चर्चा झाली होती. लोकांनी ठाम नकार दिला. सोळाव्या शतकापासून कच्छच्या राजधानीचं हे गाव, हमीरसर तलाव, दरबारगढ, कोटाचे पाच नाके म्हणजे वेशी, जातीजमातींच्या आपापल्या वस्त्या. "मारुं घर अहीं ज जोईए," असं म्हणणाऱ्याला समजवायला मला काहीच सुचत नसे, आणि समजवावं असं वाटतही नसे. कारण किल्लारीनंतर काय झालं ते मी जवळून पाहिलं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर आमच्याकडे पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, एकसारख्या रांगा, घराघरांत भरपूर अंतर. घरं पक्की होती, त्याबद्दल लोक कृतज्ञही होते. पण वाड्याच्या ओसरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना शेजार उरला नाही. भुजला शहर जागच्या जागी सुधारायचं ठरलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

जागच्या जागी सुधारायचं तर हत्यार कोणतं? टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना. ही कल्पना मुळात मुंबई प्रांतातली, 1915 च्या कायद्यातली. वांद्रे-सांताक्रूझच्या जुन्या पत्त्यांत 'टीपीएस' दिसतं ते याचंच. सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन चांगल्या आकारात प्रत्येकाला शक्यतो मूळ जागेजवळ परत द्यायची. कोणालाही उठवून लावायचं नाही, थोडं थोडं सगळ्यांनी द्यायचं. महाराष्ट्रात हे तंत्र बरीच वर्षं मागे पडलं, गुजरातने मात्र जिवंत ठेवलं. एरवी ते शहराच्या कडेच्या शेतजमिनीवर वापरतात. भुजमध्ये ते शेकडो वर्षांच्या दाट शहरावर वापरायचं होतं. कोटाच्या आतल्या भागाच्या आठ स्कीम केल्या गेल्या. 'भाडा', म्हणजे भुज एरिया डेव्हलपमेंट ऑथॉरिटी, ही स्थानिक यंत्रणा; तिच्यावर भूकंपानंतर काही दिवसांतच स्थापन झालेलं गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण; आणि रस्ते, पाणी, गटारं यांच्या खर्चामागे जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेची कर्जं.

खरं कठीण काम मोजणीचं होतं. सिटी सर्व्हेचे जुने कागद होते. त्यांवर प्रत्येक मिळकतीची हद्द होती. पण जमिनीवर काय होतं? भिंतीच नव्हत्या. काही ठिकाणी मशीनने राडारोडा उचलताना जोतीसुद्धा खरवडली गेली होती. दोन घरांची सामायिक भिंत कुठे होती हे सांगणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे त्या घरांतली माणसं. म्हणून आम्ही प्रत्येक शेरीत, म्हणजे गल्लीत, मालकांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांना एकाच वेळी बोलवायचो. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावायचं, नकाशाची प्रिंट दगडावर पसरायची आणि विचारायचं: तुमचा उंबरठा कुठे होता?

इथे मला बायकांची फार मदत झाली. पुरुष कागद काढत, बायका जागा दाखवत. पावसाचं पाणी साठवायचं जमिनीखालचं टाकं जुन्या घरांत असायचं. ढिगाऱ्यात सगळं हरवलं तरी टाकं जागेवर राहतं. "टाक्यापासून चार पावलांवर चूल, चुलीमागची भिंत आमची दोघींची," असं एका काकूंनी सांगितलं आणि त्यांच्या शेजारणीने मान हलवली, की हद्द ठरली. त्या दोघी एकमेकींशी बोलत बोलत मधेच थांबायच्या. कारण त्या स्वयंपाकघरातलं कोणीतरी आता नव्हतं. अशा वेळी आम्ही टेप खाली ठेवून थांबायचो. मोजणीचं रोजचं उद्दिष्ट असायचं आणि ते गाठलं नाही तर वरून विचारणा व्हायची, तरीही थांबायचो. ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. त्या दिवसांत धक्केही अधूनमधून चालूच होते. उभ्या राहिलेल्या एखाद्या भिंतीजवळ मोजताना एक जण कायम वर बघत उभा राहायचा.

मोजमापाचा आणखी एक गुंता होता. लोक चौरस वारात बोलत, आमचे नकाशे चौरस मीटरमध्ये. एका चौरस मीटरचे साधारण 1.2 वार होतात. "माझी साठ वार जागा आणि तुम्ही पन्नास लिहिलीत," हे भांडण इतक्यांदा झालं की शेवटी आम्ही प्रत्येक कागदावर दोन्ही आकडे छापायला लागलो. छोटी गोष्ट, पण त्यानंतर सुनावणीचा सूरच बदलला.

रस्त्यांवरून मोठे वाद होतील अशी आम्हाला भीती होती. झालेही. पण रस्ता हवाच कशाला, असं विचारणारे अपेक्षेपेक्षा कमी निघाले. भुजजवळच्या अंजार गावाची गोष्ट प्रत्येकाला माहीत होती. प्रजासत्ताक दिनाची शाळकरी मुलांची मिरवणूक अंजारच्या अरुंद गल्लीतून चालली होती आणि दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. दीडशेहून अधिक मुलं गेली, त्यांच्याबरोबर शिक्षकही गेले. भुजच्या बोळांतही मदत पोचली नाही ती रस्ताच उरला नव्हता म्हणून. त्यामुळे वाद असायचा तो रस्ता कुणाच्या दारातून जाणार यावर. वॉर्डच्या बैठकीत आम्ही नकाशे भिंतीवर लावायचो आणि पेन्सिली लोकांच्या हातात द्यायचो. शाबूत राहिलेली घरं शक्यतो वाचवत रेषा वाकवायची, देवळं, मशिदी, जुनी झाडं सोडून जायचं. काही बंद गल्ल्या, जिथे एकाच भावकीची घरं होती, त्या रुंद केल्या पण आरपार केल्या नाहीत. कागदावर ते अर्धवट दिसतं. एका वरिष्ठांनी विचारलंसुद्धा, रस्ता पुढे का नेत नाही. आम्ही सांगितलं, त्या चौकात मुलं खेळतात आणि लग्नाचा मांडव पडतो. त्यांनी ते ऐकलं.

आता कपात, म्हणजे रस्ते आणि सार्वजनिक जागांसाठी प्रत्येकाच्या जागेतून कापला जाणारा हिस्सा. गुजरातीतही कपातच म्हणतात, त्यामुळे तो शब्द मला पहिल्या दिवसापासून झोंबला. 30 चौरस मीटरपर्यंतच्या जागेला कपात नाही. 100 पर्यंत 10 टक्के, 200 पर्यंत 20 टक्के, त्यापुढे 30 आणि मोठ्या जागांना त्याहून थोडी जास्त. म्हणजे ज्याच्याकडे कमी त्याने काही देऊ नये, ज्याच्याकडे जास्त त्याने जास्त द्यावं. एवढं साधं तत्त्व होतं आणि माझ्या मते संपूर्ण योजना लोकांच्या गळी उतरली ती त्यामुळेच. सोनारांच्या वस्तीत खूप माणसं गेली होती, तिथल्या खोल्या अगदी लहान. "केटलुं कपाशे?" असं एका वृद्ध सोनारकाकांनी हात जोडून विचारलं. मी म्हटलं, काका, काहीच नाही, फक्त जागा थोडी सरकेल. ते कागद घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी आपल्या मुलाला बोलावलं आणि मला पुन्हा तेच सांगायला लावलं.

उलट बाजूचे अनुभवही आहेत. मोठ्या डेलीचे, म्हणजे वाड्याचे, मालक, चार भावांचं कुटुंब, प्रॉपर्टी कार्डवर मात्र अजून आजोबांचंच नाव. चौघांच्या चुली वेगळ्या, प्रत्येकाचा भाग साधारण 60 चौरस मीटर. कागदावर एकच मिळकत असल्यामुळे कपात मोठ्या जागेच्या दराने लागणार. वाटणी कागदावर आली तर दर उतरणार. हे नियमांत बसतं का, त्यासाठी कोणते दस्तावेज लागतील, हे सगळं आम्ही बसून समजावून सांगायचो. सरकारी नोटिशीत ते कधीच कळलं नसतं. माझ्या दिवसाचा निम्मा वेळ या एका प्रश्नात जायचा आणि तो सत्कारणी लागला, असं मी खात्रीने म्हणते.

बरेच मालक भुजमध्ये राहतच नव्हते. मुलुंड, घाटकोपर, डोंबिवलीला स्थायिक झालेल्या कच्छी कुटुंबांची कुलूपबंद घरं जुन्या शहरात होती. सुनावणीला ते मुंबईहून रेल्वेने यायचे. माझं आडनाव ऐकलं की एकदम मराठीत सुरू व्हायचे: "ताई, तुम्ही आमच्याकडच्या! आता आमचं नीट बघा." मी सगळ्यांचं सारखंच बघत होते, पण त्यांना दिलासा मिळायचा हे खरं. त्यांच्यातल्या काहींनी जागा सोडून पैसे घेतले असते तर दाटी थोडी कमी झाली असती. पण वडिलांच्या घराची जागा विकायला मन तयार होत नसे. त्यांना दोष कसा देणार?

स्कीमच्या कायद्यात पायऱ्या ठरलेल्या आहेत: मसुदा, मग सरकारने नेमलेला नगररचना अधिकारी, प्रत्येक मालकाला वैयक्तिक सुनावणी, वांधा-अरजी (आक्षेपाचा अर्ज), त्यावर निर्णय. एरवी या सगळ्याला वर्षानुवर्षं जातात. भुजमध्ये ते विलक्षण वेगाने झालं, कारण वांधा-अरजी येण्याआधीच बहुतेक आक्षेप आम्ही गल्लीत ऐकले होते. शेवटी मालकाच्या हातात फॉर्म एफ पडायचा. त्यावर मूळ प्लॉट, अंतिम प्लॉट, क्षेत्रफळ. मग सर्व्हेअर जाऊन कोपऱ्यांवर खुंट ठोकायचे. खुंट ठोकले की कोणी नारळ फोडायचं, कोणी पेढे वाटायचं. आमचे सर्व्हेअर, दिवसभर उन्हात भाजलेली ती मुलं, त्या वेळी घरच्या माणसांसारखी वागवली जायची.

इथपर्यंतची गोष्ट मी कुठेही सांगते. पुढची मला अस्वस्थ करते.

कोटाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहणारी शेकडो कुटुंबं होती. भाडं नाममात्र, काहींचं घर ट्रस्टच्या जागेत, काहींचं एखाद्या शेठच्या डेलीत. टीपी स्कीम मालकीच्या कागदावर चालते. ज्याचं नाव प्रॉपर्टी कार्डवर नाही त्याला नोटीस जात नाही, सुनावणी होत नाही, फॉर्म एफ मिळत नाही. घर पडलं, भाडेकरार तोंडी होता, मालकाने नव्या घरात पुन्हा भाडेकरू ठेवायचं नाही असं ठरवलं, की ते कुटुंब शहराच्या नकाशावरून निघून गेलं. शहराबाहेर मुंद्रा रोड, रावलवाडी, जीआयडीसी, आरटीओ अशा पुनर्वसन वसाहती झाल्या आणि अनेकांना तिथे चांगली घरं उभारता आली. पण भाडेकरूंपैकी कित्येक जण तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये फार काळ अडकून राहिले. एक शिवणकाम करणाऱ्या बाई मला प्रत्येक बैठकीत भेटायच्या. शेजाऱ्यांची हद्द दाखवायला त्याच पुढे असायच्या, कारण त्या शेरीत त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. आमच्या मोजणीला त्यांचा उपयोग झाला. आमच्या योजनेत त्यांना जागा नव्हती. आम्ही तरुण मंडळींनी हे वर कळवलं, टिपणं लिहिली, भाडेकरूंच्या याद्याही केल्या. पण तोवर योजनेची चौकट ठरून गेली होती आणि चौकट ठरल्यावर आलेली यादी परिशिष्टातच जाते.

आज भुजमध्ये गाडी सहज फिरते, आणीबाणीत अग्निशमनची गाडी आत पोचू शकते, नळाला पाणी आहे, आणि जुने शेजारी बऱ्याच अंशी अजूनही एकमेकांच्या शेजारी आहेत. याचा मला मनापासून अभिमान आहे.

सध्या मी महाराष्ट्रातच टीपी स्कीमचं काम करते. पनवेलजवळ नैना क्षेत्रात (नवी मुंबई विमानतळाभोवतीचं अधिसूचित क्षेत्र), पुण्याभोवती, अशा योजना आता पुन्हा सुरू झाल्या आहेत. इथे भूकंप झालेला नाही, शेतजमीन आहे, घाई नाही. तरी नवीन लागलेल्या मुलामुलींना मी मोजणीला पाठवते तेव्हा दोन वह्या देते. एकीत सातबाऱ्यावरची नावं. दुसरीत त्या जमिनीवर प्रत्यक्ष राहणारे, कसणारे, भाड्याने दुकान चालवणारे, कागद असो वा नसो. दुसरी वही पहिल्याच आठवड्यात भरायची, मसुद्याची पहिली रेषा ओढायच्या आधी. काही जण विचारतात, कायद्यात याची सोय कुठे आहे. अजून नाही. ती व्हावी म्हणून 1966 च्या नगररचना कायद्यात काय बदल लागेल, त्याचं टिपण आम्ही काही जण मिळून तयार करतो आहोत.