पुतळ्याचं चित्र काढायला परवानगी, माझा अनुभव

गावोगावच्या शहीद जवानांच्या पुतळ्यांची पोर्ट्रेट काढतोय, पेन्सिल न कोळशानं. वर्धा-यवतमाळकडं सात झाली, कुठंच कोणी अडवलं नाही, उलट चहा मिळाला. आठव्यानं मात्र जीव खाल्ला.

शाळेच्या आवारात पुतळा, १९७१ च्या लढाईत गेलेल्या जवानाचा. जुलैत बसलो, अर्धं स्केच झालं न हेडमास्तर आले, "लेखी परवानगी आना भाऊ." ग्रामपंचायतीत गेलो तर ग्रामसेवकाकडं तीन गावांचा चार्ज, इथं फक्त गुरुवारी. गुरुवारी भेटले तर म्हणे जागा शाळेची, शाळा देईल. शाळा म्हणे पुतळा पंचायतीनं बसवला. रजिस्टर काढलं तर पुतळ्याची नोंदच नाही! मग पंचायत समिती. तिथल्या बाबूनं अर्ज उलटापालटा करून विचारलं, "मोबाईलमधी फोटो घ्या न जी, बसून काहून काढता?"

आता याला काय सांगू? दर १५ ऑगस्ट न २६ जानेवारीला ऑइलपेंटचा हात बसून बसून पापण्या बुजल्यात, नाकाशेजारी पोपडे सुटून खालचा जुना हिरवा दिसतो, हे तासभर बघत बसल्याशिवाय कळत नाही. हातात इन्सास रायफल दिलीय, १९७१ ला आपल्या जवानांकडं एसएलआर रायफल असायची, इन्सास बरीच नंतरची, कारगिलला होती. मी जशी आहे तशीच काढतोय.

दोन आठवड्यांनी गेलो तर अर्जच सापडेना. पोच घेतली नव्हती, चूक माझीच, तुम्ही दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. पुन्हा अर्ज, पुन्हा चार चकरा, एसटीचं भाडं कागद-कोळशापेक्षा जास्त झालं.

(ढगाळ दिवस धरा, उन्हात ऑइलपेंट इतका चमकतो की चेहराच दिसत नाही.)

पत्र मिळालं १२ ऑगस्टला. १३ ला पोचलो तर पुतळा नवाकोरा चंदेरी, पोपडे गायब न वर काळीभोर मिशी. पेंटरनं मनानं काढलेली. जवानाचे पुतणे बाजूलाच उभे होते, म्हणाले, "काकाले त मिशीच नव्हती."

मिशीसकट काढलं. जुलैचं अर्धं स्केचही ठेवलंय, त्यात नाही.