‘कऱ्हाड’ची लांबी सहा की सात?

ग्रंथालयाच्या सभासदांची यादी गावांच्या पिनकोड यादीशी जोडायची होती. दोन्ही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फायली, जोडणीला पायथनची छोटी स्क्रिप्ट. बहुतेक गावं जुळली. उरली ती कऱ्हाड, चऱ्होली, कोऱ्हाळे, बऱ्हाणपूर आणि सभासद यादीतलं अगदी पहिलं गाव, सातारा.

पडद्यावर दोन्हीकडचं ‘कऱ्हाड’ हुबेहूब सारखं. लांबी, म्हणजे शब्दात साठवलेली चिन्हं, मोजली तर एकीकडे ६, दुसरीकडे ७. घोळ ‘ऱ्ह’मध्ये होता.

पिनकोड यादी इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकलेली. तिथे शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की ऱ (युनिकोड या जागतिक लिपी-संचातला त्याचा संकेतांक ०९३१) येतो, मग ‘डी’वर हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), ‘यू’वर ह. सभासद यादी दुसऱ्या कळफलकावरची. त्याने साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे (२००डी), घातला होता. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो. तुलना मात्र संकेतांकांची होते.

न दिसणारी सगळी चिन्हं एकदम काढून टाकू, असं सहकाऱ्याने सुचवलं आणि प्रतीवर करूनही पाहिलं. ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ झालं. शेऱ्याच्या रकान्यातल्या ‘दऱ्या’ ‘दर्या’ झाल्या, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ झालं. डोंगरातली दरी समुद्र होते आणि स्वयंपाकी गुरुजी होतात! मराठीत हा फरक अर्थाचा आहे, तो पुसून चालणार नाही. मूळ फाईल राखून ठेवली होती म्हणून निभावलं.

मग क्रम असा ठेवला. आधी मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणला. त्याने र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे सुटे टंकलेले ‘ऱ’ एकसंध ०९३१ होतात. काही नोंदी तशाही होत्या. झेडडब्ल्यूजेला एनएफसी हात लावत नाही, म्हणून ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घातले. बाकीचे झेडडब्ल्यूजे तसेच ठेवले, कारण ते कुणीतरी मुद्दाम अर्धं अक्षर दाखवायला घातलेले असू शकतात.

‘सातारा’ अडलं ते फाईलच्या सुरुवातीच्या बीओएम या न दिसणाऱ्या खुणेमुळे. हे तीन बाइट पहिल्या शब्दाला चिकटून येतात. फाईल पायथनमध्ये ‘यूटीएफ-८-सिग’ (यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) म्हणून उघडली की ते गळतात.

दुरुस्त यादी पुढे एक्सेलमधून साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडायचा. साध्या ‘सीएसव्ही’त देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली जातात आणि फाईल बंद केल्यावर त्यांतून मूळ अक्षर परत मिळत नाही. शंका आलीच तर वर्डमध्ये अक्षराच्या लगेच पुढे कर्सर ठेवून आल्ट-एक्स दाबावं, संकेतांक समोर येतो.

‘ॲ’साठी मात्र वेगळी ओळ लिहावी लागली. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. ‘अ’ला चंद्र जोडून टंकलेलं जुनं रूप एनएफसीने त्याच्याशी एक होत नाही.