‘दहा’ या एका शब्दावर केलेली वाटणी

गेल्या पावसाळ्यात मी पश्चिम आफ्रिकेचा एक कोरा नकाशा छापून घेतला आणि मांडे कुलातील भाषांना शाखेनुसार रंगीत पेन्सिलींनी रंगवायला बसलो. तासाभराचे काम वाटले होते, पण ते दोन महिने पुरले. मांडे भाषा सेनेगल-गांबियापासून माली, गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया, कोत दिव्हार आणि बुर्किना फासोपर्यंत सलग पसरलेल्या आहेत, आणि मध्ये बराच मुलूख सोडून पुन्हा बेनिन-नायजेरियाच्या सीमेवर बुसा व बोको यांच्या रूपाने भेटतात. साठ-सत्तर भाषा आहेत. कोणती भाषा कोणत्या रंगात घालायची, याचे उत्तर मात्र हातातले पुस्तक किती साली लिहिले गेले त्यावर अवलंबून असते, हे मला पेन्सिल हातात घेतल्यावर कळले.

या भाषा एका कुटुंबातल्या आहेत, ही नोंद सिगिस्मुंड क्योले या जर्मन मिशनऱ्याच्या 1854 सालच्या ‘पॉलिग्लोटा आफ्रिकाना’ या ग्रंथात सापडते. त्याने हे साहित्य गोळा करण्यासाठी आफ्रिकेचा अंतर्भाग पालथा घातला नाही. तो फ्रीटाउनमध्ये राहिला. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली माणसे तिथे वसवली जात असत, आणि त्यांच्यापैकी शेकडो जणांना त्याने तेच तेच शब्द विचारले: एक, दोन, तीन, माणूस, पाणी, आग. तेरा भाषांना त्याने एका मथळ्याखाली ठेवले आणि त्यांना ‘मांडेंगा’ कुल म्हटले. ज्याच्याकडून शब्द घेतले तो माणूस कधीकाळी गावातून ओढून नेलेला, कित्येक वर्षे मायभाषेपासून दूर राहिलेला होता, हे लक्षात ठेवून त्या याद्या वाचल्या की मन थोडे जड होते; तरीही त्या याद्या आजही उपयोगी पडाव्यात इतक्या काळजीने टिपलेल्या आहेत.

पुढची वाटणी मॉरिस देलाफॉस या फ्रेंच अधिकाऱ्याची, 1901 सालची, आणि माझ्या नकाशातला सगळा घोळ तिच्यापासून सुरू होतो. उत्तरेकडच्या भाषांत दहाला ‘तान’ म्हणतात आणि दक्षिणेकडच्या भाषांत ‘फू’ म्हणतात, असे त्याने पाहिले आणि कुलाचे दोन भाग केले: मांडे-तान आणि मांडे-फू. बांबारा भाषेत दहा म्हणजे तान. सुसु भाषेत फू, मेंडे भाषेत पू. नाव सुटसुटीत होते, लक्षात राहणारे होते, आणि त्यामुळेच ते पुढे अर्धे शतकभर पाठ्यपुस्तकांत टिकले. लुई तोक्सिएने 1924 मध्ये ही वाटणी पक्क्या पायावर नाही आणि निदान तिसरा एक गट तरी मानावा लागेल, असे सांगितले होते. त्याच्या म्हणण्याला आंद्रे प्रोस्तने पुष्टी देईपर्यंत 1950 चे दशक उजाडले.

एका शब्दावर वाटणी करण्यात नेमके काय चुकते, हे दहाऐवजी ‘दोन’ घेतले की दिसते. बांबारात दोन म्हणजे ‘फिला’, सुसुत ‘फिरिन’, मेंडेत ‘फेले’. लायबेरिया व कोत दिव्हारच्या डोंगराळ भागातल्या दान भाषेत मात्र ‘प्ले’. आता ‘तीन’ पाहा: बांबारात ‘साबा’, मेंडेत ‘सावा’, सुसुत ‘साखान’, दानमध्ये ‘यागा’. दहाच्या शब्दामुळे ज्या मेंडेला दानच्या पंक्तीत बसवले होते, ती दोन आणि तीन मोजताना बांबाराच्या बाजूने उभी राहते. संख्यावाचक शब्दांत एखादा बदलून जाणे, शेजाऱ्याकडून उसना येणे किंवा मूळ कुलात दहासाठी दोन शब्द असून एकेका शाखेने एकेक राखणे, यांतले काहीही घडू शकते. म्हणून एकच शब्द कितीही ठळक असला तरी तो वंशावळीचा साक्षीदार म्हणून पुरा पडत नाही.

विल्यम वेल्मर्सने 1958 मध्ये मूलभूत शब्दांच्या याद्या समोर ठेवून, किती टक्के शब्द समान आहेत हे मोजून, कुलाची मोठी चीर वेगळ्याच जागी दाखवली. त्याच्या मांडणीत एका बाजूला वायव्य गट आला, ज्यात बांबारा-मांडिंका, सोनिंके, सुसु, मेंडे, क्पेले, वाई असे सगळे बसले. दुसऱ्या बाजूला आग्नेय गट आला, ज्यात दान, मानो, गुरो, बिसा आणि दूरची बुसा राहिली. म्हणजे मांडे-फू नावाचा गट मधोमध फाटला, आणि त्याचा मोठा हिस्सा तानवाल्यांच्या घरात गेला. आजच्या बहुतेक मांडण्यांत ‘पश्चिम’ आणि ‘आग्नेय’ हे दोन मुख्य फाटे टिकून आहेत. आतल्या पोटशाखांवर मात्र अजून वाद आहेत. बोबो भाषेची जागा तर वेगवेगळ्या मांडण्यांत बदलत राहिली. तिच्याबाबत नावानेही गोंधळात भर घातली आहे, कारण शेजारच्या ब्वा लोकांनाही जुन्या फ्रेंच नोंदींत ‘बोबो’च म्हटले आहे आणि त्यांची भाषा मुळात मांडे नसून गुर कुलातली आहे. माझ्या नकाशावर त्या जागी कागद खोडून खोडून पातळ झाला आहे.

वेल्मर्सच्या पद्धतीवरही माझा पूर्ण विश्वास नाही. टक्केवारी मोजताना उसने शब्द बाजूला काढले नाहीत तर शेजारी भाऊ दिसू लागतो, आणि मांडे प्रदेशात तर जुला व्यापाऱ्यांनी कोलाफळे, मीठ आणि सोने यांच्याबरोबर आपले शब्दही शतकानुशतके वाहून नेले आहेत. आपल्याकडे ‘अडकित्ता’ हा कन्नडमधून आलेला शब्द मोजून कोणी मराठीला द्रविड ठरवले तर जे होईल, ते तिथे होऊ शकते. म्हणून रायमुंड कास्टेनहोल्त्सने 1996 मध्ये पश्चिम मांडेचा इतिहास लिहिताना ध्वनिबदलांचे नियम आधी शोधले, हे मला अधिक भरवशाचे वाटते.

वर्गीकरण कुठे खरोखर उपयोगी ठरते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. वाई ही लायबेरिया-सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरची भाषा, एकोणिसाव्या शतकात स्वतःची अक्षरलिपी घडवणारी. कोनो ही सिएरा लिओनच्या पूर्वेकडच्या अंतर्भागातली. दोघींच्या मध्ये मेंडे भाषकांचा मुलूख आहे, तरीही वाई आणि कोनो एकमेकींच्या अगदी जवळच्या आहेत आणि दोघींचे नाते बांबारा-मांडिंकाच्या बाजूला जाते. लोककथा सांगते की मंडळी मिठाच्या शोधात समुद्राकडे निघाली, काही जण दमले आणि मागे थांबले, आणि ‘थांबा’ या अर्थाच्या शब्दावरूनच कोनो हे नाव पडले. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, शब्दांची तुलना कथेच्या मुख्य गोष्टीला दुजोरा देते: हे लोक एकेकाळी एकत्र होते आणि मेंडे भाषा त्यांच्यामध्ये नंतर पसरली.

आतली वाटणी अशी हळूहळू बसत गेली, पण बाहेरचा प्रश्न अवघड आहे. जोसेफ ग्रीनबर्गने 1963 च्या आपल्या वर्गीकरणात मांडेला नायजर-काँगो या महाकुलाची एक शाखा ठरवले. त्या महाकुलाची ओळख म्हणजे नामवर्ग: नामांचे गट पडतात आणि गटाप्रमाणे एकवचन-अनेकवचनाच्या खुणा बदलतात. फुला भाषेत एक फुला माणूस ‘पुल्लो’ आणि अनेक ‘फुल्बे’. शब्दाची सुरुवात आणि शेवट दोन्ही बदलतात. स्वाहिलीत ‘म्तू’ म्हणजे माणूस आणि ‘वातू’ म्हणजे माणसे. बांबारात मात्र ‘मुसो’ म्हणजे बाई आणि ‘मुसोव’ म्हणजे बाया. कोणत्याही नामाला तोच शेपटीचा ‘व’ लावला की काम होते. नामवर्गांची जिवंत व्यवस्था मांडेत नाही. नैर्ऋत्य मांडेत, उदाहरणार्थ मेंडेत, शब्दारंभीचे व्यंजन बदलते आणि ते फुलासारखे भासते खरे. परंतु त्यामागे नामाच्या आधी असलेला आणि पुढे गळून गेलेला अनुनासिक ध्वनी आहे, नामवर्ग नव्हेत.

वाक्यरचनाही वेगळी आहे, आणि मराठी वाचकाला ती अर्धी ओळखीची वाटते. ‘मूसा ये जी मिन’ म्हणजे मूसाने पाणी प्याले: ‘ये’ हे क्रिया पूर्ण झाल्याची खूण, ‘जी’ पाणी, आणि क्रियापद शेवटी. पण ‘मूसा ये वारी दी फांता मा’, म्हणजे मूसाने फांताला पैसे दिले, म्हटले की आपण अडखळतो, कारण ‘फांताला’ हे क्रियापदानंतर येते. ‘मा’ मात्र आपल्या ‘ला’सारखे नामानंतर येते. आई-वडील आणि शरीराचे अवयव यांना ‘माझे’ म्हणताना नुसता ‘न्’ पुरतो, ‘न् फा’ म्हणजे माझे वडील. पैशाला मात्र ‘न् का वारी’ असे मध्ये ‘का’ घालावे लागते. कर्त्यानंतर कर्म आणि मग क्रियापद हा क्रम शेजारच्या सोंघाय भाषांतही सापडतो, ज्यांना ग्रीनबर्गने दुसऱ्याच महाकुलात टाकले होते. म्हणून रचनेवरून नाते ठरवणे मला धोक्याचे वाटते. रचना शेजाऱ्याकडूनही शिकता येते.

गेरिट डिमेन्डालने 2011 च्या आपल्या ग्रंथात मांडेला नायजर-काँगोबाहेर, स्वतंत्र कुल म्हणून ठेवले. इतर अनेक जण तिला आतच ठेवतात, पण सर्वांत आधी फुटून निघालेल्या शाखांपैकी एक म्हणून. व्हॅलेंटिन विद्रिनने मूळ मांडे भाषेचे स्थान दक्षिण सहारात आणि काळ इ.स.पू. चौथ्या सहस्रकाचा उत्तरार्ध असा सुचवला आहे. एवढ्या जुन्या भाषेच्या आणखी मागे जाऊन बांटू भाषांशी (स्वाहिली त्यांतलीच) नियमित ध्वनिसाम्य दाखवायचे, तर हाती मोजकेच शब्द उरतात, आणि मी पाहिलेल्या समान शब्दांच्या याद्यांत मला अजून तशी सलग नियमितता दिसलेली नाही.

आज नकाशावर पश्चिम मांडे निळी आहे, आग्नेय मांडे हिरवी आहे. बाकीच्या नायजर-काँगोला मी पिवळा रंग दिला होता आणि तोच पिवळा मांडेच्या खालीही हलकासा फिरवला होता. परवा तो पुसायला बसलो. पेन्सिलीचा असल्याने बराचसा निघाला.