ध्वजदिनाचा निधी जातो कुठं?

आज ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. शाळेत बाई एक-दोन रुपये घेऊन खिशाला स्टिकर लावायच्या, लाल, गडद निळा, फिकट निळा. १९४९ पासून हा निधी गोळा होतोय.

शेजारच्या आक्कांना घेऊन माजी सैनिकांच्या मेळाव्याला गेलो होतो. त्यांचे मालक फौजेतनं लवकर घरी आलेले, म्हणून पेन्शन नाही. (जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षं नोकरी लागते, हे किती जणांना माहीत असतंय?) अशा म्हाताऱ्या जवानांना, त्यांच्या विधवांना याच निधीतून मदत मिळते. पोरांच्या शिक्षणाला, लेकीच्या लग्नालाही.

आक्कांनी प्लास्टिकच्या पिशवीतनं मालकांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतनं सुटल्याचं नोंदपुस्तक, काढलं. कडा उंदरानं कुरतडलेल्या, नंबर मात्र शाबूत. समोरचे निवृत्त सुभेदार ते बघून उठून उभेच राहिले. "बसा वहिनी, आधी चहा घ्या." मग स्वतःच अर्ज भरायला बसले. आक्का सही करताना दोनदा पदरानं हात पुसत होत्या.

घराघरातनं फौजेत जवान देणारं सैनिक टाकळीसारखं गाव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, आणि आपण नुसतं स्टेटसला तिरंगा लावून मोकळे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन एक पावती फाडा की राव!